हरकत नाही

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा ती एका म्हाताऱ्याच्या उजव्या कानात शिट्टी वाजवत होती. म्हातारा काचेपलीकडच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसला होता आणि शिट्टी नसतानाही अधूनमधून बोट वर करत होता. असं पुष्कळ जण करतात. ऐकू येत नाही हे कबूल करण्यापेक्षा अंदाजाने बोट वर करणं त्यांना सोपं वाटतं. इस्पितळाच्या या कान तपासायच्या विभागात सतरा वर्षं काढल्यावर तिला अशा लोकांचा रागही येत नसे. ती मुकाट्याने मशीनचं बटण सोडून द्यायची आणि ते शांततेला बोट दाखवत राहायचे. तिने हाताने 'थांबा' अशी खूण केली, तर म्हाताऱ्याने पुन्हा बोट वर केलं.

"सही झाली," वकीलबाई म्हणाल्या.

"कसली?"

"अहो, ना हरकत पत्रावर. मुलींना घेऊन तुम्ही राज्याबाहेर जाणार, त्याला मुलींच्या वडिलांची हरकत नाही. अकराला आले, साडेअकराच्या आत गेले. चहाला थांबा म्हटलं तर नको म्हणाले."

"वाचलं का त्याने?"

"पानं तर उलटली. तुम्ही नशीबवान आहात. माझ्याकडे अशी प्रकरणं तीन-तीन वर्षं लोंबकळतात. आता पुढच्या आठवड्यातली तारीख नुसती नावाला. मुलींना आत बोलावून विचारायचा प्रश्नच उरला नाही."

तिने फोन ठेवला. आनंद झाला पाहिजे होता. भरलेली समजून बादली जोर लावून उचलावी आणि ती रिकामी निघून खांद्यातून कळ यावी, तसं काहीतरी झालं. तीन महिने ती या माणसाशी लढायची तयारी करत होती. नव्या शहरातल्या इस्पितळाचं नेमणुकीचं पत्र, नव्या शाळेची माहिती, घराचे फोटो, मुलींच्या प्रगतिपुस्तकांच्या प्रती, तो कितीदा पालकसभेला आला नाही आणि कितीदा धाकटीला आणायला उशिरा पोचला याची तारीखवार यादी. न्यायाधीश थोरलीला आपल्या खोलीत बोलावून विचारतील असं वकीलबाईंनी सांगितल्यापासून तर रोज सकाळी दूध पिता पिता थोरलीचीही तयारी. पोरगी ऐन वेळी घाबरू नये एवढ्यासाठी. आणि या गृहस्थाने काय केलं, तर अर्ध्या तासात सही करून बाहेर पडला. अर्ध्या तासात. जो माणूस एक कलिंगड घ्यायचं तर गाडीवरचं प्रत्येक फळ वाजवून बघायचा, मग विक्रेत्यालाच विचारायचा की तुम्हाला कुठलं बरं वाटतं, आणि शेवटी विक्रेता देईल ते, बहुधा पांढरं, घेऊन घरी यायचा. कलिंगडाला पंचवीस मिनिटं आणि दोन मुलींना तीस.

म्हाताऱ्याचा आलेख पुरा केला. कान उत्तम होते. वयाच्या मानाने फारच उत्तम. बाहेर त्याची बायको हातात पिशवी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अहो, यांना घरात मी काही म्हटलं तर अजिबात ऐकू येत नाही." "कान चांगले आहेत," तिने सांगितलं. बायको थोडा वेळ आलेखाकडे बघत राहिली. "मग?" "मग काही नाही. पुढच्या वर्षी या." म्हातारा ओशाळून हसला. आता घरी गेल्यावर याची काही धडगत नाही, असं तिच्या मनात आलं आणि थोडं बरंही वाटलं. एका घरात तरी आज भांडण होणार होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती कागद आणायला वकीलबाईंच्या कचेरीत गेली. जिन्यात रंगाचा वास होता. चार पानं, चारही पानांवर खाली उजवीकडे त्याची सही. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढतो. त्याची सहीसुद्धा नकाशातल्या खुणेसारखी, सुबक, प्रत्येक पानावर काठापासून तेवढ्याच अंतरावर. तिसऱ्या पानावर धाकटीच्या जन्मसालात टायपिस्टने चूक केली होती. ती त्याने एका बारीक रेघेने खोडून वर बरोबर साल लिहिलं होतं आणि शेजारी छोटी सही केली होती. म्हणजे वाचलं होतं. ओळन्‌ ओळ वाचली होती. जिन्यातच थांबून ती ती रेघ बघत राहिली. मुली देऊन टाकल्या, पण आकडा चुकीचा जाऊ दिला नाही.

हरकत नाही. हे त्याचे दोन शब्द. साहेबाने त्याच्या नकाशावर स्वतःचं नाव टाकलं, हरकत नाही. शेजाऱ्याने दोन वर्षं त्याच्या जागेत स्कूटर लावली आणि हा आपली गल्लीच्या तोंडाशी लावून चालत यायचा, हरकत नाही. भाजीत मीठ नाही, हरकत नाही. तिने मुद्दाम दोन दिवस घातलं नव्हतं, कधी म्हणतो बघू म्हणून. तिसऱ्या दिवशी तिलाच ते अळणी जेवण गिळेना. लग्नाआधी हेच शब्द तिला आवडले होते, ही त्यातली चीड आणणारी गोष्ट. तिच्या वडिलांच्या घरात हातातून वाटी पडली तरी पंचनामा व्हायचा. कुणी पाडली, का पाडली, लक्ष कुठे होतं. जेवताना सगळे वडिलांच्या हाताकडे बघत जेवायचे. तिथून उठून ती या माणसासमोर येऊन बसली. पहिल्याच भेटीत तिच्या धक्क्याने त्याच्या शर्टावर कॉफी सांडली आणि तो म्हणाला, हरकत नाही, तसाही जुना आहे. तिला वाटलं होतं, एवढा मोठा माणूस आपण पाहिला नाही. नंतर दोन-तीन वर्षांनी कळत गेलं की हा मोठेपणा वगैरे काही नाही. याला कशाचंच काही नाही. कुठलंही दार ढकला, आत मोकळी खोली. तिने ढकलून ढकलून पाहिलं. ओरडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, एकदा मुलींसमोर त्याला नेभळट म्हणून पाहिलं. तो उठून इस्त्री करायला लागला. मुलींचे युनिफॉर्म, पट्ट्यांसकट.

वेगळं व्हायचं म्हणून तिने सांगितलं त्या दिवशी तो बाथरूममध्ये स्टुलावर बसून गळक्या नळाचा वायसर बदलत होता. तिने दारात उभं राहून सगळं सांगितलं. सरळ, मुद्देसूद, आठवडाभर मनात घोळवलेलं. त्याने नळ उघडून पाहिला, बंद करून पाहिला. म्हणाला, "तुला तसं वाटत असेल तर..." आणि वाक्य तिथेच सोडलं. त्याची वाक्यं अशीच असायची, शेपूट नसलेली. समोरच्याने हवं ते लावून घ्यावं. पंधरा दिवसांनी दोन बॅगा घेऊन तो भाड्याच्या खोलीवर गेला. जाताना दारात वळून म्हणाला, "इस्त्री नेऊ का? तुला लागत असेल तर राहू दे." त्यावर तिला जे हसू आलं ते तिला अजून आठवत होतं. त्या हसण्यावरच तिने पुढचे आठ महिने काढले होते.

खरं म्हणजे तिने कोर्टातला प्रसंग मनाशी कितीतरी वेळा पाहिला होता. तो उभा राहील. आवाज कापेल. म्हणेल, माझ्या मुली मी इतक्या लांब जाऊ देणार नाही. मग ती आपली फाईल उघडेल आणि एकेक कागद काढेल, आणि तो हरेल. पण हरण्याआधी निदान एकदा उभा तर राहील. तेवढं एकदा बघायला मिळालं असतं तर चौदा वर्षं अगदीच भिंतीशी संसार केला असं झालं नसतं. आता ती फाईल कपाटातल्या खालच्या कप्प्यात, बांधलेल्या दोरीसकट. संध्याकाळी तिने बहिणीला फोन करून सांगितलं, "अर्ध्या तासात सही करून मोकळा झाला." बहीण म्हणाली, "सुटलीस." ती म्हणाली, "हो ना. एवढी किंमत आमची." बोलताना स्वयंपाकघराचं दार उघडं आहे याकडे तिचं लक्ष नव्हतं.

कोर्टाची तारीख उरकल्यावर शनिवारी तो मुलींचा पलंग सोडवायला आला. दुमजली लाकडी पलंग, त्यानेच जोडलेला. सामान नेणाऱ्या माणसांनी पाहून सांगितलं होतं की आम्ही खोलला तर पुन्हा जुळण्याची हमी नाही. दुपारी तीनला आला, चपला दाराबाहेर काढल्या, पाहुण्यासारख्या. मुली त्याच्या अंगाखांद्यावर जरा लोंबकळल्या, मग तिने त्यांना शेजारी चाव्या आणि कुंड्या पोचवायला पाठवलं. घरात खोक्यांची चळत, भिंतीवर चित्रं काढून घेतल्याचे चौकोन. तो जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि प्रत्येक सांध्याचे स्क्रू वेगळ्या कागदात बांधून वर लिहीत होता. वरचा डावा. वरचा उजवा. शिडी. अक्षर तेच, सहीतलं. वर पंखा फिरत होता आणि तो कागदांवर एकेक हत्यार ठेवत होता, उडू नयेत म्हणून. मुली चालल्यात आणि हा स्क्रूंना नावं देतोय, हे तिला सहन होईना.

"एक विचारू?" ती म्हणाली. "सही करताना वाचलंस?"

"वाचलं. धाकटीचं साल चुकलं होतं."

"ते दिसलं मला. बाकीचं?"

"बाकीचं बरोबर होतं."

"बरोबर होतं," ती म्हणाली. "मुली दुसऱ्या राज्यात जाणार. वर्षातून दोनदा भेटणार. तुला त्यात फक्त साल चुकलेलं दिसलं."

तो स्क्रू फिरवत राहिला. स्क्रू घट्ट बसला होता. ती त्याच्या मानेकडे बघत होती. केस कापायला झाले होते आणि कॉलर आतून उसवली होती.

"मी तीन महिने तयारी केली होती," ती म्हणाली. हे तिला म्हणायचं नव्हतं.

"माहितेय."

"काय माहितेय तुला?"

त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "मागे एका रविवारी दोघी माझ्या खोलीवर खेळत होत्या. कोर्ट-कोर्ट. धाकटी टेबलावर चढून बसली होती, न्यायाधीश. थोरली समोर उभी. धाकटीने विचारलं, तुला कुणाकडे राहायचंय. थोरली बोलायला लागली. चांगली बोलत होती, न अडखळता. बाबा चांगले आहेत, पण त्यांच्याकडे अभ्यासाला शिस्त नाही. मग नव्या शाळेचं. प्रयोगशाळा आहे वगैरे. आणि मधेच अडकली. विसरली. तर माझ्याकडे वळून म्हणाली, बाबा, पुढे काय होतं?"

पंख्याने एका कागदाचा कोपरा उचलला. त्याने तो बोटाने दाबला.

"मग?"

"मी म्हटलं, मला नाही गं माहीत. मग तिच्या लक्षात आलं आपण कुणाला विचारतोय ते. बाथरूममध्ये जाऊन बसली. नळ सोडून. धाकटी टेबलावरून उतरेना, म्हणे कोर्ट अजून संपलं नाही." त्याने तो कागद दुमडला. "तिथे खरंच अडकली असती तर कुणाकडे बघितलं असतं तिने? मी वकीलबाईंना आधी विचारून घेतलं, सही केली की मुलीला बोलावत नाहीत ना. त्या म्हणाल्या, नाही बोलावत."

तिला काहीतरी लागट बोलायचं होतं. ती शोधू लागली. एरवी या माणसासाठी तिच्याकडे शब्द तयार असायचे.

"म्हणजे माझ्यावर उपकार केलेस."

"नाही. तुझ्यासाठी नाही केलं."

चौदा वर्षांत त्याचं हे पहिलं शेपूट असलेलं वाक्य. ती स्वयंपाकघरात गेली आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसला. रोज सकाळची थोरली तिच्यासमोर आली; मिशीसारखी दुधाची रेघ, वर बघत आठवणारे डोळे, आणि आपण म्हणतोय, 'शिस्त नाही' म्हणताना खाली बघू नकोस, ते खोटं वाटतं. 'खोटं वाटतं' असं तिने स्वतःच म्हटलं होतं. हातातलं फडकं तिने पिळलं, तर त्यात पाणीच नव्हतं. मग हळूहळू तिची नेहमीची नजर परत आली, आणि परत आली याचं तिला हायसं वाटलं. हे कारण नसतं तरी याने सहीच केली असती. कोर्ट, उभं राहणं, आवाज चढवणं, हे याच्याने झालंच नसतं. या खेपेला त्याला एक चांगलं कारण सापडलं एवढंच, आणि आता ते कारण घेऊन तो आयुष्यभर त्या खोलीत स्वच्छ मनाने झोपेल. तिच्या वाट्याला मात्र ओट्याशी उभी असलेली ही बाई. दोन्ही खरं असू शकतं, असं तिला वाटलं. तो भित्रा आहे हेही आणि त्याने केलं ते बरोबर केलं हेही. पण दोन्ही एकदम मनात धरता येईना. एक धरलं की दुसरं निसटायचं.

गाडी मंगळवारी सकाळची होती. तो स्टेशनवर आला, बॅगा चढवल्या, पाण्याच्या बाटल्या आणल्या, धाकटीच्या बुटाची नाडी बांधली. धाकटी रडली, मग खिडकीशी बसायला मिळालं म्हणून गप्प झाली. थोरलीने पाहुण्यांना करतात तसा गाल पुढे केला. गाडी सुटल्यावर तो फलाटावर चार पावलं चालला आणि थांबला. धावला नाही. धावेल असं तिला वाटलंच नव्हतं, तरी तिने पाहिलं.

दुपारी धाकटी झोपली. बाहेर सपाट, करड्या जमिनीचे पट्टे, मधेच एखादा कारखाना, विजेचे खांब. डब्यात कुणीतरी संत्रं सोललं होतं. थोरलीने पुस्तक मिटलं आणि बाटलीवरचं लेबल नखाने सोलायला लागली.

"आई, बाबांनी लगेच सही केली ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तूच मावशीला सांगत होतीस. अर्ध्या तासात मोकळा झाला म्हणून." लेबलाची एक पट्टी निघाली. "मला वाटलंच होतं. बाबांचं ना, असंच असतं सगळं."

असं म्हणून तिने ओठाचा डावा कोपरा किंचित खाली ओढला. बारा वर्षांची पोर. तो कोपरा पोरीने कुठून उचलला हे विचारायची गरज नव्हती. रोज सकाळी भांग काढताना आरशात आई स्वतःच्या ओठावर तो बघत आली होती. आता नुसतं 'हो' म्हटलं की झालं. खोटंही ठरलं नसतं. पोरगी बापाला विसरत जाईल, नव्या शाळेत रमेल, फोन आला की धाकटीच्या हातात देईल. तीन महिने फाईलमध्ये कागद लावून जे मिळवायचं होतं, ते आता न मागता समोर आलं होतं. तिला ते हवं होतं. हवं होतं हे तिला इतकं स्वच्छ कळलं की तिला स्वतःचीच किळस आली. आजवर तिने हा भाव दुसऱ्यांसाठी राखून ठेवला होता.

"तुम्ही कोर्ट-कोर्ट खेळलात ते त्यांनी मला सांगितलं," ती म्हणाली. "तुला कोर्टात बोलावून कुणी विचारू नये म्हणून त्यांनी सही केली. आधी वकीलबाईंना तसं विचारून घेतलं आणि मग केली."

थोरलीची बोटं थांबली. मानेवर लाली चढली.

"मी विसरले म्हणून?"

"तू विसरलीस म्हणून नाही. मी तुला ते पाठ करायला लावलं म्हणून. ते माझं चुकलं."

वडिलांच्या घरात हे वाक्य कुणी कधी म्हटलेलं तिला आठवत नव्हतं, तिच्या घरातही नाही. तिला वाटलं, आता पोरगी रडेल, मग आपण तिला जवळ घेऊ, आणि एवढ्यावर हे संपेल. थोरली रडली नाही. खिडकीबाहेर एक मोठं तळं आलं, गेलं. ती गणित सोडवताना बसते तशी बसली होती, खालचा ओठ दातात धरून.

"म्हणजे तू मला काय बोलायचं ते सांगितलंस," ती शेवटी म्हणाली. "आणि बाबांनी मला बोलायलाच लागू नये असं केलं."

"हो."

"म्हणजे मला कुणीच विचारलं नाही."

समोरच्या बाकावर धाकटीने कूस बदलली. थोरलीने तिचे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले आणि त्यांच्यावर स्वतःचा स्वेटर टाकला. काय विचारायचं ते आईला माहीत होतं, आणि ते विचारायला किती उशीर झालाय हेही.

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

थोरलीने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ, नीट, एखादा अनोळखी माणूस पत्ता विचारतो आणि तो मुळातच उलट्या दिशेने आलेला असतो तेव्हा बघतात तसं.

"आता कशाला विचारतेस," ती म्हणाली, आणि पुस्तक उघडून सोडलेलं पान शोधायला लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आईला काहीतरी उत्तर देता आलं असतं.